उढाण सरांनी हरवलेलं तळं

“उपग्रहाची तीन कोटेशनं लागतील,” असं कॉलेजच्या हेडक्लार्कने सांगितलं, तेव्हाच प्राध्यापक मच्छिंद्र उढाण यांनी हा नाद सोडायला हवा होता. पण भूगोलाचा माणूस. त्यात विद्यापीठाने संशोधनासाठी पहिल्यांदाच अनुदान मंजूर केलेलं. विषय होता, बगळवाडीचं तळं आणि भोवतालचा जमीनवापर यांचा उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यास. वडीगोद्रीच्या आतल्या अंगाला बगळवाडी. तिथल्या तळ्यावर हिवाळ्यात परदेशातून पक्षी यायचे आणि अलीकडे ते येईनासे झाले होते, असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. का येईनासे झाले, हे उपग्रहाला विचारायचं होतं.

“अहो, उपग्रहाचं चित्र फक्त हैदराबादला मिळतं,” सर म्हणाले. “आपल्या देशाचा उपग्रह एकाच ठिकाणी चित्रं उतरवतो. तीन कोटेशनं कुठून आणू?”

“मंग रशियाचं आणा एक,” हेडक्लार्कने फाइलवरून मान वर न करता सांगितलं. “अमेरिकेचं एक आणा. ज्याचं कमी, त्याचा उपग्रह घेऊ. नियम म्हंजे नियम सर. खडूलासुद्धा आपण तीन कोटेशनं घेतो.”

शेवटी प्राचार्यांनी ‘एकमेव पुरवठादार’ असा शेरा मारून वाट काढली. तोवर उन्हाळा सरून हिवाळा लागला होता. अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात हैदराबादहून एक लांबच लांब पत्र्याची नळी सरांच्या घरी आली.

सर नवीन जालन्यात राहत. शेजारी गोपीकिशन. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान, घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी आणि लक्ष सगळं शेजारच्या दारात. पोस्टमन नळी घेऊन फाटकात शिरला, तसे गोपीकिशन दुकानात जायचे थांबले.

“सरजी, बंदूक मागवली काय?”

“उपग्रहाचं चित्र आहे,” सर शक्य तितक्या सहज म्हणाले. असं वाक्य सहज म्हणायची संधी माणसाला आयुष्यात वारंवार येत नाही.

चित्र बैठकीत अंथरलं. सोफा भिंतीला लावावा लागला. सरांच्या पत्नी शिवकन्याबाई हात पुसत बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या.

“अगंबाई! हे कुंकू कुणी सांडलं?”

“ती झाडं आहेत. उपग्रहाला हिरवं लाल दिसतं,” सरांनी समजावलं. “पाणी काळं दिसतं. नांगरलेलं रान निळसर करडं.”

“म्हणजे सगळंच चुकीचं दिसतं,” बाई म्हणाल्या, “आणि त्याचे पैसे आपण द्यायचे.”

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी गेली, की उढाण सरांच्या घरी आभाळातून काढलेला फोटो आलाय आणि त्यात सगळ्यांचं सगळं दिसतं. मग माणसं यायला लागली. एकाला बदनापूरकडचा आपला प्लॉट बघायचा होता, एकाला भावाने बांध कोरलाय का ते. गोपीकिशन गुडघ्यांवर बसून चित्राच्या कानाकोपऱ्यात हिंडत होते. प्रतिस्पर्धी दुकानदाराच्या बियाण्याचं रान किती लाल आणि आपल्या गिऱ्हाइकांचं किती, हे त्यांना ठरवायचं होतं. “बिलकुल फिक्कं आहे त्याचं, सरजी! हे मला लिहून द्या.” एका आजीबाईंनी पंढरपूर कुठं असं विचारलं आणि चित्र तिथवर जात नाही म्हटल्यावर दक्षिण दिशेला हात जोडून परत गेल्या. चहा करून करून शिवकन्याबाईंनी दूध संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठं बैठक रिकामी झाली.

सर एकटे उरले. मग त्यांनी विद्यापीठातून आणलेलं जुनं चित्र नव्याशेजारी ठेवलं. जुन्यात बगळवाडीच्या जागी टपोरा काळा ठिपका होता, दृष्ट लागू नये म्हणून लावतात तसा. नव्यात त्याच जागी लालभडक. सरांनी भिंग लावून पाहिलं. काळ्याचा मागमूस नाही. शेजारच्या शेतात ऊस होता तोही लाल, आणि तळं होतं तेही लाल. मधली रेघ पुसलेली.

तळं कुणीतरी खाल्लं होतं. तळ्यात ऊस लावला होता.

आता इथं खरं तर दुसऱ्या दिवशी अंबडवरून पुढे जाणारी एस.टी. धरून, वडीगोद्रीला उतरून, तळं डोळ्यांनी बघून यायचं. शिवकन्याबाईंनी ते सुचवलंही. पण सर दुखावले. उपग्रह शेकडो मैलांवरून दाखवतोय ते बघायला एस.टी.ने जायचं म्हणजे विज्ञानाचा अपमान होता. शिवाय एस.टी.त बसायला जागा मिळत नाही. सरांनी कागद ओढला आणि तालुक्याच्या कचेरीला झोकदार अर्ज लिहिला. एक प्रत जालन्यातल्या एका दैनिकाला दिली. दैनिकाने ती पहिल्या पानावर छापली. ‘तळ्याची चोरी! उपग्रहाने चोर पकडला.’ खाली सरांचा फोटो, तोही लग्नातला.

कचेरीत चित्राची सत्यप्रत मागितली. सरांनी तो भाग झेरॉक्स करून आणला. रंगीत चित्राची झेरॉक्स ती, सगळी काळी आली. त्या काळ्या कागदावर साहेबांनी ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा शिक्का मारला. मग कारकुनाने अर्ज नोंदवायला घेतला.

“प्रत्यक्ष पाहणारा कोण?”

“उपग्रह.”

“राहणार?”

सरांनी छताकडे बोट केलं. कारकुनाने जरा विचार करून लिहिलं, ‘हल्ली मुक्काम आकाश.’

नोटीस निघाली ती भुजंगराव बगळवाडीकरांच्या नावाने. तळ्याला लागून त्यांचाच ऊस होता, म्हणून. सर या माणसाला ओळखतही नव्हते. चोर पकडल्याचं समाधान होतं आणि स्टाफरूममध्ये लोक त्यांच्याकडे वळून बघत होते. उढाण नावाच्या माणसाने आभाळातूनच बघायला पाहिजे, असा विनोद रोज कुणीतरी नव्याने करत होतं, आणि सर रोज नव्याने हसत होते.

पंचनाम्याचा दिवस उजाडला. सर्कलसाहेबांची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांची, जीप पुढे. मागे गोपीकिशनांची जीप. तिच्यात सर, चित्राची नळी आणि दैनिकाचा वार्ताहर. गोपीकिशन दुकान बंद ठेवून आले होते. असा मोका परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गावाबाहेर माणसं जमलेली. सगळ्यांत पुढे पटका बांधलेला एक उंच, वाळका माणूस. तेच भुजंगराव. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी सगुणाबाई, पदर खोचून.

“कोन ते सर?” सगुणाबाईंनी विचारलं.

सर नळी सावरत पुढे झाले.

“माय, तुमचं भलं होवो,” सगुणाबाई म्हणाल्या, पण सूर भलं चिंतणारा नव्हता. “आमच्या पोराचं, रखमाजीचं, लगीन ठरत आल्तं. मंठ्याची सोयरीक. पेपर वाचून त्यांनी निरोप धाडला, तळं चोरणाऱ्याच्या घरी पोरगी देत न्हाईत म्हनून. आता बघा आमचं तळं. डोळे भरून बघा.”

लग्नाचं सरांना कुणी सांगितलं नव्हतं. उपग्रहाच्या चित्रात लग्नं दिसत नाहीत.

सगळे तळ्यावर गेले. समोर हिरवंगार, सपाट, दूरवर पसरलेलं. जाड चकचकीत पानं, मधून मधून जांभळी फुलांची झुंबरं. बंधाऱ्याच्या खाली, बाजूला, भुजंगरावांचा ऊस आपल्या हद्दीत उभा होता.

सरांनी ते पाहिलं आणि ओळखलं. ती जलपर्णी होती. भूगोलाच्या पुस्तकात तिचं चित्र होतं, ते ते दरवर्षी शिकवत. जलपर्णी हिरवी असते, म्हणून उपग्रहाला लाल दिसते. तळं कुणी चोरलं नव्हतं. ते पानांखाली होतं.

पण सर्कलसाहेब पेन उघडून उभे होते. वार्ताहर कॅमेरा सावरत होता. गोपीकिशन “सरजी, दाखवा इनको!” असं म्हणत होते. एवढ्या माणसांसमोर, एवढ्या लांब नळीसकट, ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द काही सरांच्या तोंडून निघेनात. त्याऐवजी व्याख्यान निघालं.

“पूर्वी इथे पाणी होतं,” सरांनी सुरुवात केली. “मात्र कालौघात गाळ साचून त्याचं रूपांतर दलदलीत, आणि दलदलीचं जमिनीत...”

“सर, जिमीन न्हाई ती,” भुजंगराव शांतपणे म्हणाले. “पुढं जाऊ नका.”

वर्गात कुणी मध्ये बोललं की सरांना राग येई. ते नेहमीप्रमाणे श्रोत्यांकडे तोंड करून, हात मागे बांधून, बोलत बोलत मागे सरकले. फळ्याकडे सरकतात तसे. फक्त इथे फळा नव्हता.

“...जमिनीत होतं, ही नैसर्गिक प्रक्रिया असून...”

आणि सर गेले. आवाजसुद्धा फार झाला नाही. हिरवी चादर जरा दुभंगली, सर छातीपर्यंत आत गेले, आणि पानं पुन्हा त्यांच्याभोवती मिटली. पानांबाहेर डोकं, एक हात आणि त्या हातात नळी. चष्मा नव्हता.

वार्ताहराने फोटो घेतला. सर्कलसाहेब वाकून पाहत म्हणाले, “पाणी आहे म्हणायचं.”

पहिली उडी घेतली भुजंगरावांनी. पटका सोडून त्यांनी एक टोक काठावरच्या बाभळीला गुंडाळलं, दुसरं धरून कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि सरांच्या काखेत हात घालून त्यांना ओढू लागले. मुळ्यांनी पाय धरलेले. “हलू नका. आंग ढिलं सोडा सर. म्या हाव न्हवं का.” ज्या माणसाला सरांनी सगळ्या जिल्ह्यात चोर केलं होतं, त्याच्या गळ्यात हात टाकून सर बाहेर आले. अंगभर मुळ्या, डोक्यावर एक जांभळं फूल. ते फूल शेवटी सगुणाबाईंनी काढलं.

काठावर बसल्यावर मात्र ते दोन शब्द सहज आले.

“माझं चुकलं, भुजंगराव. मी येऊन बघायला पाहिजे होतं.”

भुजंगराव पटका पिळत होते. “चुकलं ते चुकलं. पन सर, तुमी बुडाले म्हनून बरं झालं बघा. न्हाई तर हितं तळं हाये, हे या सायबाला म्या कसं पटवलं असतं?”

लोक हसले. सरही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तळ्याचं होतं की कशाचं, हे चष्मा नसल्यामुळे त्यांना नीट दिसलं नाही.

सर्कलसाहेबांनी नोटीस मागे घेण्याची शिफारस केली. पंचनाम्यात खोलीच्या रकान्यात काय लिहावं यावर थोडी चर्चा झाली आणि ‘प्राध्यापक छातीइतके’ असं ठरलं. मग जिपा गेल्या. सर मागे राहिले, कारण चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचे पायही दिसत नव्हते, आणि ओल्या कपड्यांनी जालन्यात उतरायची हिंमत नव्हती. भुजंगरावांचं धोतर नेसून ते ओट्यावर बसले. सगुणाबाईंनी गरम भाकर, पिठलं आणि ठेचा पुढे ठेवला.

“खा पोटभर,” त्या म्हणाल्या. “रागवायचं व्हतं ते रागावले मी. आता राग न्हाई.”

सरांनी त्या दिवशी खाल्लेल्या भाकरीची चव पुढे कधी कुठे लागली नाही, असं ते घरी सांगत. शिवकन्याबाईंना ते फारसं आवडत नसे.

इकडे गावाने चष्मा शोधायला घेतला. पाहुण्याचा चष्मा आपल्या तळ्यात गेला, म्हणजे तो काढून देणं आलं. माणसं लांब दांड्यांची दाताळी घेऊन उतरली. चष्मा शोधायचा तर पानं हटवायला हवीत, म्हणून जलपर्णी ओढून काठावर टाकू लागली. पाण्याची एक जुनी पितळी गुंडी सापडली, कुणाचा तरी पंपाचा फूटव्हॉल्व्ह सापडला. फूटव्हॉल्व्हच्या मालकीवरून दोन भावांचं जुनं भांडण नव्याने पेटलं आणि तिथंच मिटलंही. चष्मा काही सापडला नाही. पण अंगणाएवढं पाणी उघडं पडलं. ऊन त्यावर आलं आणि ते चमकलं. म्हशी आपणहून आल्या. माणसं दाताळ्यांवर टेकून ते पाणी बघत उभी राहिली. पुष्कळ वर्षांत कुणी ते पाहिलं नव्हतं.

“समदंच काढावं काय?” कुणीतरी म्हणालं.

तिथून ते काम सुरू झालं.

सरांनी आधी सोयरीक हाती घेतली. नवा चष्मा करून, भुजंगराव आणि गोपीकिशन यांच्यासह ते मंठ्याला मुलीचे वडील रामराव यांच्या घरी गेले. दोन्ही चित्रं ओसरीवर अंथरली आणि लाल म्हणजे काय, काळं म्हणजे काय, आपली चूक कुठं झाली, हे सगळं सांगितलं. कॉलेजात एवढं मन लावून त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. रामराव हनुवटीला हात लावून ऐकत होते.

“मंग चोर कोन?” त्यांनी शेवटी विचारलं.

“चोर कुणीच नाही. मूर्ख मी.”

“आस्सं.” रामरावांनी दोन्ही चित्रांवरून नजर फिरवली. मग ते पुढे झुकले. “ह्यात आमचं रान दिसतं का?”

सरांनी बोट ठेवलं. रामरावांनी बायकोला हाक मारली, बायकोने जावेला. सगळं घर चित्राभोवती वाकलं आणि सोयरीक बोलण्याआधीच चहात साखर जास्त पडली. “एवढा शिकलेला मानूस घरी येऊन स्वतःला मूर्ख म्हनतो,” रामराव निघताना भुजंगरावांना म्हणाले, “म्हंजी तुमी खरे असनारच. सोयरीक पक्की.” सरांना हे कौतुक कुठल्या कप्प्यात ठेवावं कळेना, पण त्यांनी ते घेतलं.

मग सरांनी कॉलेजचं श्रमदान शिबिर बगळवाडीला नेलं. हेडक्लार्कने दाताळ्यांची तीन कोटेशनं मागितली, ती गोपीकिशनांनी आपल्याच ओळखीच्या दुकानांतून तासाभरात आणून दिली. उन्हाळाभर गाव आणि मुलं जलपर्णी ओढत राहिली. सगुणाबाईंनी बायकांची फळी उभी केली आणि तिचा वेग पुरुषांच्या फळीपेक्षा जास्त असल्याचं रोज चारचौघांत बोलून दाखवलं. काढलेल्या जलपर्णीचं खत झालं. सरांचे हात सोलवटले, पाठ धरली, आणि शिवकन्याबाई रविवारी डबा घेऊन यायला लागल्या त्या सगुणाबाईंच्याच होऊन बसल्या. पावसाळ्यात तळं भरलं. उरलीसुरली जलपर्णी पुन्हा पसरू पाहायची, तेव्हा गाव पुन्हा उतरायचं.

पुढल्या हिवाळ्यात हैदराबादहून नवी नळी आली. या वेळी सरांनी ती घरी उघडली नाही. सरळ बगळवाडीच्या पारावर नेली. गोपीकिशन जीप घेऊन आले आणि जीपमध्ये आपल्या आईला, जमनाबाईंना, बसवून. म्हाताऱ्या, वाकलेल्या. लग्न होऊन राजस्थानातून जालन्याला आल्या त्या परत फारशा गेल्या नव्हत्या. आईला हवापालट, एवढंच गोपीकिशनांच्या मनात होतं.

चित्र उलगडलं. लाल रानांच्या मधोमध बगळवाडीचं तळं काळंभोर, टपोरं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काळा डाग बघून टाळ्या पडल्याचं हे तालुक्यातलं पहिलंच उदाहरण असावं.

सर घसा साफ करून उभे राहिले. आभाराचं भाषण त्यांनी रात्रभर मनात जुळवलं होतं. चुकलेल्या माणसाला बाहेर काढणाऱ्यांचे, त्याला जेवू घालणाऱ्यांचे आभार. त्यात दोन ठिकाणी आवंढा गिळायची जागासुद्धा ठरली होती.

“मित्रहो,” सर म्हणाले, आणि तेवढ्यात तळ्याच्या बाजूने आवाज आला. कर्र, कर्र, असा एकातून एक निघणारा. दुरून, वरून.

सगळ्यांनी माना वर केल्या. करकोच्यांची लांबच लांब रांग आभाळातून वळत होती, वाकडी होत होती, सरळ होत होती. मग ती खाली आली आणि तळ्याच्या उथळ कडेला उतरू लागली. करडे, डौलदार पक्षी, एकेक पाऊल जपून टाकणारे.

जमनाबाई जीपमधून उतरल्या. कुणाचा आधार न घेता.

“कुरजां,” त्या म्हणाल्या. “म्हारी कुरजां!”

त्या मारवाडीत बोलत गेल्या आणि गोपीकिशन ते सगळ्यांना सांगत गेले: कुरजां म्हणजे करकोचे, त्यांच्या माहेरी हेच पक्षी यायचे. लहानपणी त्या त्यांना दाणे टाकायच्या. गोपीकिशनांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. आईच्या तोंडून हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

जमनाबाई काठापर्यंत गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग वळल्या आणि कुणाला हात जोडावेत ते न कळून समोर दिसल्या त्या सगुणाबाईंना जोडले. सगुणाबाई गोंधळल्या. “माय, मला कशाला, त्या सरांनी केलं,” म्हणत त्यांनी सरांना हात जोडले. सर भुजंगरावांकडे वळले आणि त्यांना जोडले. भुजंगरावांनी जवळपास कुणी उरलं आहे का ते पाहिलं, आणि कुणीच न सापडल्यावर पटका सरळ करून तळ्याकडे तोंड केलं.

सरांचं भाषण राहिलंच. कुणी आठवणही केली नाही. पक्षी एवढा कालवा करत होते की ते ऐकूही आलं नसतं. आणि सर, जे वर्गातली घंटा झाली तरी वाक्य पुरं केल्याशिवाय बाहेर पडत नसत, ते काठावरच्या मातीत सगळ्यांबरोबर गप्प बसून राहिले.